तिच्या मडक्यावरची रोटी

माझी बायको यंदाच्या पौषात गेली. मी चौथी शिकलेला माणूस, गोड गोड लिहिणं मला जमत नाही. लेकीकडच्या नातवंडांची ती आजी, मग गावही तिला आजीच म्हणायला लागलं. देवळाचा अध्यक्षही म्हणायचा. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. माझ्या हातून त्याचं नाव कागदावर येऊ नये, एवढंच.

आमच्या लाखनीकडे लग्न असो की तेरवी, पंगतीला लंबी रोटी लागते. चुलीवर मातीचं मडकं पालथं घालायचं. कणीक अशी सैल भिजवायची की परातीत आपटताना हाताला चिकटून वर आली पाहिजे. मग गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि तापल्या मडक्यावर टाकायचा. हात थरथरला की रोटी फाटली. तिची फाटलेली मी कधी पाहिली नाही.

कोणाकडे कार्य निघालं की ती न बोलावता परात घेऊन निघायची. धानाच्या रोवण्यावरून चिखलाच्या पायांनी आलेली असली तरी. मी चिडायचो, "काहून मरून राहिली लोकायसाठी?"

"तुमाले काय करायचं? तुमी गिळा अन् गप बसा."

शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ तिचीच. हनुमान जयंतीच्या महाप्रसादाच्या रोट्याही तिच्याच हातच्या. उपाशीपोटी करायची.

मग पोरानं साकोलीच्या कचेरीतल्या बौद्ध पोरीशी लग्न केलं. बायको दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सुनेला म्हणाली, "कोपरापर्यंत हात धू अन् परातीजवळ बस." संपला विषय. सून आपल्या विहारात जायची, सासू आपल्या मारुतीला, आणि घरी दोघी एका चुलीपाशी.

त्याच चैत्रात ती महाप्रसादाला परात घेऊन गेली, तर अध्यक्ष पायरीवर आडवा उभा. "आजी, यंदा राहू द्या. तुमच्या घरचं आता वेगळं झालं. लोक बोलून राहिले."

लोक बोलत नव्हते. तोच बोलत होता.

ती रिकामी परात घेऊन घरी आली. मी काठी उचलली. तिनं माझं मनगट धरलं. "देवाच्या दारात भांडता काय? ठेवा खाली." मी ठेवली. ती काठी मला आजही सलते. त्यानंतर तीन वर्षं ती शनिवारी जायची, पण माळ खालच्या पायरीवर ठेवून परत यायची.

ती गेली. तेरवीला अध्यक्ष येणारच होता. तेरवीचं ताट सोडून कोणी उठत नाही आमच्याकडे. मी मनात ठरवलं, सुनेनं मागच्या अंगणात रोट्या करायच्या, त्यानं पोटभर खायच्या, मग साऱ्या पंगतीत ओरडून सांगायचं, कोणाच्या हातचं गिळलंस ते.

सुनेला सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. "नाही बाबा. माहा हात का विष आहे, लपवून खाऊ घालायले? मी मांडवात बसन. सगळ्यायच्या समोर."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी त्या माणसाच्याच डोक्यानं विचार करत होतो.

तिनं मांडवाच्या मधोमध चूल मांडली. परातीत कणीक आपटण्याचा आवाज तोच, सासूचा. अध्यक्ष बायकोला घेऊन आला, बसला, मग त्याला चूल दिसली.

"मले शुगर आहे. पाणीच घेतो."

मी म्हटलं, "पाणी बी तिनंच भरलं."

तो उठला, चपला घातल्या. त्याची बायको जागची हलली नाही.

"चाल ना."

"तुमी व्हा पुढं. आजीनं माह्या तिन्ही पोरींच्या लग्नात रोट्या केल्या. मी उपाशी नाही जात." आणि सुनेकडे वळून म्हणाली, "टाक वं बाई. तूप जास्त टाकजो."

तो एकटाच गेला. वाटलं होतं, आता माझा जीव निवेल. नाही निवला.

आमचं घर देवळाच्या बरोबर समोर आहे. यंदाच्या हनुमान जयंतीला सुनेनं सुटी घेतली आणि मी पुढच्या अंगणात तिच्या सासूचं मडकं चढवलं. देवळात बाहेरून आणलेल्या पुऱ्या होत्या. लोकांनी तिथं हात जोडले, प्रसाद तोंडात टाकला आणि जेवायला माझ्या अंगणात येऊन बसले. वारा देवळाकडे वाहत होता. मी चुलीत मुद्दाम ओलं लाकूड सारलं. धूर सरळ पायरीवर, अध्यक्षाच्या तोंडावर. तो डोळे पुसत उभा होता आणि मी बघत होतो.

ती असती तर धावत आली असती. "देवाच्या डोळ्यात धूर करता काय? काढा ते लाकूड." आणि मी काढलं असतं.

आता मनगट धरायला कोणी नाही. पुढच्या चैत्राची लाकडं फोडायला घेतली आहेत. त्यातली चार मी वाळू देणार नाही.