रामनगरच्या फुलदाणीतलं पाणी

भूतखेत, करणी, अंगात येणं — यातलं काही मी आयुष्यात मानलं नाही, आणि आता मानतो असं लिहून द्यायलाही मी तयार नाही. साठ वर्षं मी काशीत जुन्या फर्निचरला लाखेचं पॉलिश करत आलोय. ज्या पलंगावर माणूस गेला, तो पलंग तेरावा व्हायच्या आत माझ्यासमोर घासायला आलेला आहे. एकाही पलंगाने मला कधी काही सांगितलं नाही. शिक्षण म्हणाल तर चौथी. हे सगळं मी बोललोय आणि ग्वाल्हेरहून सुट्टीला आलेल्या भाचीने टाईप केलंय. मध्येच ती म्हणाली, मामा, थोडं सजवू का? म्हटलं, सजवायचं काम माझं, तू फक्त लिही.

आमचं घर दूधविनायकात, तिसऱ्या मजल्यावर. माणसं दोनच — मी आणि माझी धाकटी बहीण कुसुम. मी लग्न केलं नाही. तिचा नवरा लवकर गेला, तेव्हा पोरीला घेऊन ती इथे आली. पोर लग्न होऊन ग्वाल्हेरला गेली, कुसुम राहिली. चाळीस वर्षं तिच्या हातचं खातोय. रोज भांडतो, पण ताट वेळेवर येतं.

मला नाद एकच... चिनी नक्षीच्या जुन्या वस्तू. काळ्या लाखेवर सोनेरी पक्षी काढलेली कपाटं, घडीचे पडदे, आणि सगळ्यात जास्त फुलदाण्या. चीनच्या नव्हेत. विलायतेतल्या कारागिरांनी, ज्यांनी चीन कधी बघितला नाही, त्यांनी मनाने रंगवलेला चीन. पूल, होडी, छत्रीवाला माणूस, वर वळलेल्या कोपऱ्यांची छपरं. बड्या लोकांच्या कोठ्यांमध्ये पॉलिशला जायचो तिथे हा डोळा तयार झाला. डोळ्यापेक्षा कान. पेराने टिचकी मारली की मी सांगतो, वस्तू साबूत आहे की केसाएवढी चीर गेली आहे. दिल्लीचे व्यापारी फोन फुलदाणीला लावून मला टिचकी ऐकवतात. हे मोठेपणासाठी सांगत नाही. बरं, थोडं मोठेपणासाठीही सांगतो. पण मुद्दा हा की मला फसवणं सोपं नाही.

मागच्या वैशाखात रामनगरला एक मराठी घर रिकामं होत होतं. घरातल्या म्हाताऱ्या काकू वारल्या होत्या आणि त्यांचा पुतण्या मुकुंद सगळं आवरत होता. देवघराच्या कोपऱ्यात ही फुलदाणी होती. निळी-पांढरी, हातभर उंच, पुलावर तीन माणसं एकामागे एक चाललेली. तोंडाला लाकडी बूच आणि वरून लाख ओतून पक्कं बंद. हलवली तर आत पाणी डुचमळलं. मुकुंद म्हणाला, काकूंचं काहीतरी असेल, घेऊन जा. ऑटोत मांडीवर धरून पूल ओलांडून आणली.

घरी आलो, मोरीवर बसलो, लाख फोडली, बूच काढलं आणि पाणी ओतून दिलं. वस्तू आली की आधी रिकामी करायची, धुवायची, मग वाजवून बघायची, ही माझी रीत. पाणी नितळ होतं, वास नव्हता. कुसुम मागे उभी होती.

"दादा, देवघरात लाख लावून ठेवलेलं पाणी कोणी मोरीत ओततं?"

"दाराशी गंगा आहे. पाहिजे तेवढी भरून आण."

पुढे दोन तास बोलली नाही. कुसुम दोन तास गप्प बसली की मी सावध होतो.

टिचकी मारली... खणखणीत. मग फुलदाणी गच्चीवर उपडी ठेवली. बाहेर लू चालली होती, ओलं धोतर दहा मिनिटांत कडक वाळत होतं. संध्याकाळी ती माझ्या वस्तूंच्या खोलीत चौकीवर ठेवली.

सकाळी आतून फडकं फिरवायला हात घातला, तर पाणी. चार बोटं.

मी आधी हसलोच. ओरडून सांगितलं, कुसुम, तुझं पाणी परत आलं. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, कसलं पाणी? चेहरा कोरा. जरा जास्तच कोरा. चाळीस वर्षं बघतोय तो चेहरा.

मी पाणी काढलं, फुलदाणी वाळवली आणि खोलीला ताला लावला. किल्ली जानव्याला बांधली. खोलीला एकच खिडकी, तिलाही माकडांमुळे जाळी ठोकलेली. दुसऱ्या सकाळी पुन्हा चार बोटं. म्हटलं, दुसरी किल्ली करून घेतली असणार बाईने. तिसऱ्या दिवशी उंबऱ्यापासून चौकीपर्यंत राख पसरली. राखेवर पाऊल नाही, पाणी आहेच. मग मी माझं हत्यार काढलं. फुलदाणीच्या तोंडावर फडकं बांधलं, गाठीवर लाख वितळवून ओतली आणि माझा अंगठा दाबला. या अंगठ्यावर पटाशीची जुनी खूण आहे, असा ठसा दुसऱ्या कोणाचा उठणार नाही. सकाळी ठसा जसाच्या तसा. फडकं कोरडं. खाली चार बोटं पाणी.

शहाण्या माणसाने इथे थांबायला पाहिजे होतं. मी मात्र काय केलं, जेवढं उत्तर सापडेना तेवढा कुसुमवरचा संशय वाढवत गेलो. ती देवपूजा करायला बसली तरी मला वाटायचं, कान माझ्याकडे आहेत. शेवटी सहाव्या दिवशी दुपारी जेवताना बोललो.

"मला वेडा ठरवायचंय ना तुला? म्हणजे हे सगळं विकून पोरीकडे जायला मोकळी."

तिने डाव खाली ठेवला. आवाज चढवला नाही.

"चाळीस वर्षांत या घरात मी माझं म्हणून एक भांडं आणलं नाही, दादा. एक तांब्याची कळशी आहे, ती आईची."

दुसऱ्या दिवशी ती ग्वाल्हेरला गेली. मी स्टेशनवर गेलो नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. म्हटलं, आता पाणी येणार नाही आणि माझंच खरं ठरेल.

सकाळी दार उघडलं. चार बोटं.

घरात मी एकटा. जिन्याच्या दाराला आतून कडी. मी तिथेच जमिनीवर बसलो. भीती वाटली असं म्हणणार नाही... पण त्या दिवशी नाश्त्याची कचोरी मी गच्चीवरच्या माकडांना टाकली. ते पाणी मी मोरीत ओतलं नाही. कुसुमच्या कळशीत ओतलं. का, ते विचारू नका. सहा दिवस रोज पाणी आलं आणि सहा दिवस ते मी कळशीत साठवलं.

तरी संशय जाईना. वाटलं, फुलदाणीच बनावट असेल, दुहेरी बुडाची. आतून आणि बाहेरून काडीने मापली. बूड एकच. मग मुकुंदला जाब विचारायला रामनगर गाठलं.

त्याने चहा मागवला आणि आपणहून सांगायला लागला. भाऊ-बहिणींकडे चौकशी केल्यावर त्याला कळलं होतं. काकू लग्न होऊन आल्या, त्या वर्षी त्यांनी दशाश्वमेधावरून गंगा भरून ठेवली होती, रामेश्वराला वाहायला. आपल्यात रीत आहेच — काशीची गंगा रामेश्वराला घालायची, तिथली वाळू आणून गंगेत सोडायची, तेव्हा यात्रा पुरी. देशावरचे लोक त्यासाठी इकडे येतात. आम्ही काशीतच जन्मलेले, आमची अर्धी यात्रा न चालता झालेली, आणि उरलेली अर्धी राहूनच जाते. काकूंची तशीच राहिली. आधी सासू अंथरुणाला, मग नवरा, मग स्वतःचे गुडघे.

"तुम्ही ते पाणी ओतलं तर नाही ना, काका?"

मी म्हटलं, नाही. म्हातारपणी बोललेलं हे खोटं इथे कबूल करतो.

घरी येऊन ग्वाल्हेरला फोन लावला. भाचीने उचलला. म्हटलं, आईला सांग, सामान बांध, रामेश्वराला जायचंय. तिकडून कुसुमनेच फोन घेतला.

"माफी मागायला फोन केलास?"

"नाही. पाणी न्यायचंय. तुझी कळशी त्यात अडकली आहे."

मग म्हणाली, "कधी?"

ती आली. कळशीतलं पाणी पुन्हा फुलदाणीत भरलं, तेच बूच लावलं, मी लाख ओतली. आख्खा प्रवास गोधडीत गुंडाळून फुलदाणी तिने मांडीवर घेतली, माझ्या हातात दिली नाही. रामेश्वराला काकूंचं नाव घेऊन पाणी वाहिलं, शेवटच्या थेंबापर्यंत. वाळू पुरचुंडीत बांधली.

परतताना, नागपूर मागे पडल्यावर, कुसुम खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पहिल्या दिवशी मीच घातलं होतं, दादा. तू मोरीत ओतलंस त्याचा राग आला. घाटावरून तांब्याभर आणून घातलं. एकदाच."

मी विचारलं, आणि पुढचं?

"पुढचं तूच घालतोयस असं समजत होते. म्हटलं, मला घराबाहेर काढायला दादा हे करतोय."

इटारसीला मी खाली उतरून दोन चहा आणले.

वाळू गंगेत सोडली आणि कुसुम पुन्हा इथेच राहिली. तेव्हापासून फुलदाणी कोरडी आहे. एक शिकलेले गृहस्थ म्हणाले, चिनीमाती पाणी धरते, हळूहळू सोडते. म्हटलं, रोज चार बोटं? वैशाखात? ते निघून गेले. दुसरं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही, माझ्याकडेही नाही. कुसुमची माफी मी मागितलेली नाही. भाची हे तिला वाचून दाखवणारच, तेवढं पुरे.

किल्ली आता जानव्याला नसते, दाराजवळच्या खिळ्यावर असते. रोज सकाळी मी खोलीत जातो, तोंडावरचं फडकं उचलून आत हात घालतो. कोरडी. पण फडक्याची घडी मी घालतो तशी नसते. माझ्या आधी कोणीतरी ते उचलून बघितलेलं असतं. ते कोण, याबद्दल मात्र मला काही संशय नाही.