तंबोऱ्याची घासलेली घोडी

"घासलीस? अरे, घासलीस कशाला? तुला काय तो गणपतीचा दात वाटला?"

मामा ओरडत होते. हमरापूरच्या माझ्या कारखान्यात तेव्हा चारशे गणपती सुकत बसले होते, आणि शपथेवर सांगतो, त्या आवाजाने आठशेच्या आठशे कान हलले.

दोष माझाच. मामांचा तंबोरा मिरजेच्या एका जुन्या उस्ताद कारागिराच्या हातचा, गुरुजींकडून मामांकडे आलेला, वयाने शंभरी ओलांडलेला. भोपळा एवढा, की आत एखादं बिऱ्हाड भाड्याने ठेवावं. वरची लाकडी तबली अशी पातळ उतरवलेली, की जवळ जाऊन शिंकलात तर चारही तारा उत्तर देणार. नव्या तारा चढव आणि जरा पुसून दे, म्हणून मामांनी तो त्यांच्या गावाहून, अष्टमीहून, माझ्याकडे धाडला होता.

तारा चढवून गप्प बसलो असतो तर भागलं असतं. पण आम्ही पडलो मूर्तीवाले! काही खडबडीत दिसलं की हात आपोआप पॉलिश पेपरकडे जातो. तारा जिच्यावरून जातात ती हस्तिदंती घोडी मला मळकट वाटली, एका बाजूला उतरती वाटली. आधी जाड कागदाने घासली, मग बारीक कागदाने. अशी सपाट, अशी गुळगुळीत केली, की तीत बघून मिशा विंचराव्यात. तो उतार म्हणजेच त्या कारागिराची सगळी विद्या, हे मला कुठे ठाऊक? तार त्या उताराला निसटती शिवते, म्हणून तंबोरा गुंजतो. त्यालाच जवारी म्हणतात. मामांनी येऊन तार छेडली, तर टक्. नारळावर टिचकी मारल्यासारखं.

दारात मामांचा मुलगा उभा होता, गाडी चालू ठेवून. पनवेलला त्याचा नवा फ्लॅट, हॉलमधली एक भिंत रिकामी. बापलेकांचं ठरलेलं होतं. वाजला तर तंबोरा परत अष्टमी गावी, मामांच्या खोलीत. नाही वाजला तर पनवेलला भिंतीवर, वरून दिव्यांची माळ सोडून.

"बाबा, ठरलं होतं ना आपलं?" तो म्हणाला.

मामांनी तंबोरा जवळ ओढला. त्यांचं ओरडणं परवडलं. नुसता तंबोऱ्याच्या गळ्यावर हात ठेवून बसले, आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे.

मी मिरजेला फोन लावला. त्या घराण्यातले आजचे कारागीर शांतपणे म्हणाले, "घेऊन या. दिवाळीनंतर बघू."

"अहो, दारात गाडी चालू आहे!"

"मग बंद करा गाडी."

"शेठ, मला दावा जरा," मागून आवाज आला.

आमची आखणीवाली. खाडीकाठच्या मिठागरवाल्यांच्या घरातली. कारखान्यात मूर्तींचे डोळे तीच आखते. तिने आखलेल्या उंदराला भिऊन आमचं मांजर जे पळालं, ते अजून परतलेलं नाही.

"बाय गो, ही मूर्ती नाय," मामा म्हणाले.

"व्हय ना. पण कुठं टेकतं नि कुठं नाय, एवढंच बघायचं ना?"

तिने तारेच्या पोटाला केसाएवढ्या ब्रशने काळा रंग लावला. तार घोडीवर टेकवली, उचलली. हस्तिदंतावर लांबलचक काळी रेघ उठली.

"एवढी चिकटून बसलीय. मंग गुंजंल कशी?"

तिने ब्लेड घेतलं आणि घोडीची कड खरवडली. फुंकर. रंग. तार. टक्.

पुन्हा खरवडली. टक्.

काळी रेघ आखूड होत होती, पण हस्तिदंतही तांदळाच्या दाण्याएवढाच उरला होता. मी श्वास घेतला नाही. अर्धा तास तरी घेतला नसेल. मामांच्या मुलाने बाहेर जाऊन गाडी बंद केली.

"बास!" मामा ताडकन उठले. "खाली लाकूड लागेल! थांब!"

"मामा, वरडू नका. हात हलतो," ती म्हणाली.

मामा खाली बसले. मी कारखान्याचा मालक, पण तिच्यापुढे तोंड उघडायची माझी टाप नव्हती. तिने आणखी एकदाच, मूर्तीच्या डोळ्याची पापणी रेखावी तसं, ब्लेड ओढलं. मग ते खाली ठेवलं आणि पदराच्या कडेचा दोरा तोडून मामांपुढे धरला.

मामांनी तो जवारी खुलवायला घोडीवर, तारेखाली घातला. नखाने पुढे सरकवला, थोडा मागे, परत पुढे. आणि तार छेडली.

आधी एक भुंगा आला. मग त्याच्यामागून त्याची अख्खी भावकी. आवाज भोपळ्यात मावेना, तो पत्र्याच्या छपराला लागला, तिथून खाली येऊन माझ्या तळपायात शिरला. आखणीवाली ब्रश धुवायला निघून गेली.

मामा डोळे मिटून ऐकत होते. मी हळूच विचारलं, "मामा, झाला ना पहिल्यासारखा?"

"नाही. पहिला तू घासून टाकलास. हा तिचा आहे."

"पण बाबा," मुलगा म्हणाला, "माझ्या भिंतीचं काय?"

मामांनी दुसरी तार छेडली.

"कॅलेंडर लाव."