फरशीवरची नावं

प्रागमधल्या एका जुन्या चर्चमध्ये मित्रांसोबत शिरलो आणि दारातच थबकलो. फरशीखाली माणसं पुरलेली होती आणि त्यांची नावं फरशीवर कोरलेली होती. लोक त्यांवरून बिनदिक्कत चालत होते. मी मात्र अक्षरं चुकवत, कडेकडेने निघालो.

"लंगडी काय खेळतोस?" संदीप दबक्या आवाजात म्हणाला. "तो रखवालदार बघतोय. तुझ्यापायी सगळ्यांना बाहेर काढेल!"

मी गडबडलो आणि पाय नेमका एका नावावर पडला. नकळत वाकून मी त्या अक्षरांना हात लावला, कपाळाला नेला. आईला वाचता येत नव्हतं. पण कागदाच्या कपट्याला पाय लागला, तरी ती नमस्कार करायला लावायची. तिला न वाचता येणारी अक्षरंच मला इथवर घेऊन आली होती.

रखवालदार सरळ माझ्याकडे आला. त्याची भाषा आम्हाला येत नव्हती. संदीपने माझी बाही घट्ट धरली. मी त्या नावाकडे बोट दाखवलं आणि हात जोडले.

तो खाली बघत राहिला. मग स्वतः ज्या नावावर उभा होता, त्यावरून त्याने हळूच पाय बाजूला घेतले.