मामाची लाल कव्हरं आणि ओवीची खुर्ची

ठाण्याहून निघताना नवरा म्हणाला, "मालवणला चाललीयस की बिऱ्हाड हलवतेयस?" बिऱ्हाड म्हणजे आमच्या अडीच वर्षांच्या ओवीची गाडीतली खुर्ची. तिच्याशिवाय लेकीला गाडीत बसवायचं नाही, हा माझा हट्ट. रेल्वेत त्या खुर्चीने अख्खी जागा अडवली आणि मी अंग चोरून बसले.

सकाळी कुडाळला माझा मामा नवी गाडी घेऊन हजर. मागच्या सीटवर जाडजूड, चकचकीत लाल कव्हर! खुर्ची अडकवायचे हूक त्याखाली गडप, पट्ट्यांची बक्कलंही गडप.

"ती बक्कलां टोचतत, म्हणान भितूर घातलंय," मामा कौतुकाने म्हणाला. "चेडवाक मांडयेर घे गो. काय्येक होवचा नाय."

"लेकीला मांडीवर? मग मी रिक्षाने येते."

"रिक्षात खुर्ची खंय लावतलंस?"

मी एक बक्कल उपसून पट्ट्याने खुर्ची कशीबशी बांधली. गुळगुळीत कव्हरावर ती डुलत होती. ओवी खूश, माझा जीव टांगणीला.

वालावलला लक्ष्मी-नारायणाचं दर्शन घेऊन धामापूरकडे निघालो. रस्ता अरुंद, वळणावळणाचा. घाई असेल तर येऊच नका. एका वळणावर म्हैस आडवी आली. मामाने करकचून ब्रेक दाबला आणि खुर्ची ओवीसकट सरकून दारावर कलंडली. तिला खरचटलंही नाही.

मामाने गाडी कडेला घेतली, शहाळी सोलायची कोयती डिकीतून काढली आणि स्वतःच्या हाताने लाल कव्हर टरकावलं. हूक सापडले. खुर्ची खट्‌कन बसली, हलवून हलेना. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "आणि तुझो पट्टो खंय आसा?"

मी पट्टा लावलाच नव्हता. मागे बसून कधीच लावत नाही. मामाने दुसरं बक्कलही उपसून दिलं.

धामापूरचा तलाव शांत, सुंदर. मालवणात साडेतीनशेची सुरमई थाळी. सोलकढी दोनदा मागा, कोणी नाही म्हणत नाही.

घरी येऊन आठवडा झाला. काल आमच्या गाडीत मागे बसून पट्टा लावला, तर नवरा हसला, "मागे कशाला?" मला हसू आलं नाही. अडीच वर्षं मी ओवीला करकचून बांधत आले, आणि तिच्या अंगावर आदळू शकेल अशी गाडीतली सगळ्यात जड सुटी वस्तू मीच होते.