ताईच्या नावाची पॉलिसी

आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली की ज्याला बोलावतात, त्याला सगळे लिफ्टमास्तर म्हणतात. पन्नाशी उलटलेला, शिडशिडीत, मोजकं बोलणारा माणूस. लिफ्टच्या छपरावर उभा राहून तो लोखंडी दोरावरून एक जुनी चिंधी सावकाश फिरवतो. दोरातली एखादी बारीक तार तुटली असेल तर चिंधी तिथे अडकते. गेल्या वर्षी आमच्याकडचं काम तीन दिवस चाललं. मी चहा घेऊन वर जायचो, आणि तो हात पुसत थोडं थोडं सांगायचा. त्यातून मला कळलं ते असं.

त्याला सात वर्षांनी मोठी बहीण होती. वडील लवकर गेले, तेव्हा याच्या शिक्षणाची फी तिने भरली, आणि स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं ते गेलंच. दातांच्या कवळ्या बनवायच्या कारखान्यात ती कामाला होती. घरी सोबतीला एक कुत्रा. काळा, पण डोळ्यांभोवती तपकिरी वर्तुळं, जसा काही चष्माच लावलाय. म्हणून त्याचं नाव मुनीम. एका दुपारी ताई कामाच्या टेबलाशी, हातात अर्धी घासलेली कवळी धरून, बसल्या जागी गेली. बाजूच्या बाईला वाटलं, डुलकी लागली.

पंधरा दिवसांनी मास्तरने तिच्या दोन खोल्या रिकाम्या करून दिल्या. भांडी, कपडे ज्याचे त्याला गेले. उरला मुनीम, एक फाइल आणि ताईचा फोन. फोनमधले फोटो काढून घ्यायचेत, असं सांगून मास्तरने तो बंद केला नाही. कपाटात ठेवला आणि रोज न चुकता चार्ज करत राहिला.

फाइलमध्ये मुनीमच्या विम्याची पॉलिसी निघाली.

"माझा विमा काढायचं कुणाला सुचलं नाही," मास्तरची बायको म्हणाली, "आणि हा बघा, शेपटीसकट सुरक्षित."

हसली, पण मग कागद नीट वाचून काढले. बाई एका औषधाच्या दुकानात बिलं करायची, बारीक अक्षर वाचायची सवय होती. पॉलिसीची मुदत दोन महिन्यांत संपत होती. मुनीमला दहावं वर्ष सरलेलं, म्हणून पुढचा हप्ता जवळजवळ दुप्पट. मागच्या पायाचा सांधा आणि दात हे जुने आजार, त्यामुळे त्यातून वगळलेले.

"म्हणजे जे दुखतं त्याचे पैसे मिळणार नाहीत, आणि जे दुखत नाही त्याचा हप्ता भरा," ती म्हणाली. "आतबट्ट्याचा व्यवहार आहे, अहो. सोडून द्या."

मास्तरला ते पटत होतं आणि पटत नव्हतं. तो मुनीमला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, "मी कुणालाच घ्या किंवा नका घेऊ म्हणत नाही. विमा नाही म्हणून याच टेबलाशी रडत उभी राहिलेली माणसं मी पाहिलीत. दहा वर्षं हप्ते भरले आणि कुत्रा एका सकाळी झोपेतच गेला, अशीही पाहिलीत. तेवढे पैसे दर महिन्याला बाजूला टाकणार असाल तर विम्याची गरज नाही. पण टाकत कुणी नाही."

खरी अडचण मास्तरने ना डॉक्टरीणबाईंना सांगितली ना बायकोला. विमा कंपनीतून एकदा फोन आला होता, ताईच्याच फोनवर. एका मुलीने विचारलं, "ताई आहेत का?" आणि याच्या तोंडून गेलं, "बाहेर गेलीय." मुलगी म्हणाली, "बरं, नंतर करते." फोन ठेवल्यावर मास्तर बराच वेळ कपाटाशी उभा राहिला. कुठल्यातरी कचेरीतल्या एका यादीत त्याची बहीण अजून फक्त बाहेर गेली होती. पॉलिसी सोडायची तर तेवढंही संपणार होतं, आणि चालू ठेवायची तर नाव बदलावं लागणार होतं. म्हणून तो काहीच करेना.

त्यात मुनीम. ताई कामावरून सव्वासहाला घरी यायची. मास्तरच्या घरी तर ती वर्षाकाठी चार-पाचदाच आलेली. पण सव्वासहा वाजले की मुनीम याच दाराशी जाऊन उभा राहायचा. कान ताठ. मग मान उंच करून, आत आलेल्या माणसाकडे बघावं तसा बघायचा, आणि त्याची नजर हळूहळू दारापासून खिडकीजवळच्या खुर्चीपर्यंत जायची. शेपटी मात्र हलायची नाही. त्या खुर्चीवर घडी घातलेले कपडे ठेवायची बायकोची सवय होती. ती तिने कधी सोडली ते मास्तरच्या लक्षातही आलं नाही. एवढंच दिसलं, की खुर्ची आता रिकामी असते आणि तिच्यावर कुणी बसत नाही.

मुदत संपायला आठ दिवस उरले तेव्हा मास्तरने कामावरूनच कंपनीला फोन लावला. एका दवाखान्याच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत होता तो. म्हणाला, विचार करायला थोडे दिवस वाढवून मिळतील का?

"वाढवायची गरज नाही, सर," मुलगी म्हणाली. "मंगळवारीच पॉलिसीधारकाशी बोलणं झालंय. चालू ठेवायचीय म्हणाल्या."

"कुणाशी बोलणं झालं?"

"ताईंशी. स्वतःच बोलल्या. जन्मतारीखही बरोबर सांगितली. मुनीम बरा आहे म्हणाल्या."

समोर लिफ्टचं मोठं चाक फिरत होतं, थांबत होतं, पुन्हा फिरत होतं. मास्तरने फोन ठेवला. मला सांगताना म्हणाला, "भीती वाटली असं नाही म्हणणार. मला राग आला. तिच्याशी बोलली, आणि माझ्याशी नाही."

दोन दिवस तो कसाबसा कामावर गेला. जेवणात लक्ष नाही, पान्हा एकीकडे, हात भलतीकडे. तिसऱ्या दिवशी काम अर्धवट टाकून दुपारीच घरी आला. जिना चढताना त्याला आवाज ऐकू आला.

"हो, मीच बोलतेय. झोपला होता, आत्ताच उठलाय. पाय दुखतो थोडा, वय झालं ना आता, बरं का."

ते 'बरं का' ताईचं होतं. वाक्य संपल्यावर जरा थांबून, आवाज किंचित वर नेऊन म्हटलेलं. चौदा मजल्यांच्या पोकळीत निर्धास्त उभा राहणारा हा माणूस, त्याला कठड्याचा आधार घ्यावा लागला.

दार लोटलेलं होतं. खिडकीजवळच्या खुर्चीत, दाराकडे पाठ करून, त्याची बायको बसली होती. कानाला ताईचा फोन. मुनीम तिच्या मांडीवर डोकं ठेवून उभा होता आणि त्याची शेपटी एका लयीत हलत होती.

फोन ठेवून ती वळली. दचकली नाही. कुणीतरी एकदाचं पकडावं, अशी वाट बघत असल्यासारखी दिसली.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"हा तिसरा." ती फोन हातात फिरवत राहिली. "पहिल्यांदा तिने विचारलं, ताई, आपणच का? मी नाही म्हणायला गेले आणि हो म्हणाले. आवाज मी काढला नाही, अहो. तो तसाच आला."

"आणि हा?"

"हा आतून धावत आला. इथे आल्यापासून पहिल्यांदा शेपटी हलवली त्याने. मग पुढच्या फोनला मला नाही म्हणवेना."

"तूच म्हणत होतीस ना, आतबट्ट्याचं आहे म्हणून?"

"आहेच. हप्ता वाचवायचा असता तर तुम्हाला सांगून केलं असतं. हे सांगण्यासारखं नव्हतं."

मास्तर खाली जमिनीवरच बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "मीही त्यांना सांगितलं होतं. बाहेर गेलीय म्हणून."

बायको उठून तोंड धुऊन आली. मग म्हणाली, "असं चालू राहिलं तर मला कळेनासं होईल, मी कोण ते. आत्ताच लावा फोन."

त्याने लावला. म्हणाला, "पॉलिसी जिच्या नावावर आहे ती माझी बहीण. ती गेली."

"कुठे गेल्यात, सर? परत कधी येतील?"

मुलीची काही चूक नव्हती. तिला तेच सांगितलं गेलं होतं. मास्तरला तो शब्द उच्चारावाच लागला. "वारली. दोन महिने होऊन गेले."

"पण सर, आत्ताच तर..."

"ती माझी बायको होती. चूक आमची."

मग ती मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, "मी तीनदा बोललेय त्यांच्याशी." नंतर सावरून नियम सांगितले. ही पॉलिसी बंद होणार. त्याच्या नावाने नवी मिळेल, पण वय बघता हप्ता आणखी जास्त, आणि पहिले काही महिने आजारपणाचे पैसे मिळणार नाहीत. मास्तर म्हणाला, नको.

पुढे कंपनीचं पत्र आलं. ताईच्या नावाआधी 'कै.' छापलं होतं. मास्तरने तेवढंच वाचलं, बाकीचं बायकोने.

हिशेब बघायचा तर त्याचा निर्णय चुकला. वर्षाच्या आतच मुनीमच्या पोटात गाठ निघाली, आणि ऑपरेशनला जो खर्च आला त्यात नव्या पॉलिसीचे कितीतरी हप्ते भरून झाले असते. "सरळ सांगतो, विमा घ्यायला हवा होता," तो मला म्हणाला. "पण त्या दिवशी मला आणखी एकही फॉर्म भरवला नसता."

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाईंनी संमतीचा कागद पुढे केला. मालकाचं नाव आणि सही. मास्तरचे हात तेलाने माखलेले, कामावरून तसाच धावत आलेला. बायकोने पेन घेतलं, स्वतःचं नाव लिहिलं, सही केली. तरीही कागद परत देण्याआधी मास्तरने तो उचलून एकदा नीट वाचून पाहिला. तिलाही तो वाचायचा होता.

मुनीम त्यातून वाचला. त्यानंतर सव्वा वर्ष जगला.