भाषेचं बटण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावालाही नाही. तुम्हाला का सांगतोय? ते मलाही नीट माहीत नाही. पण गेल्या मंगळवारपासून जेवण गोड लागत नाही, एवढं खरं.

नवीन जालन्यात, स्टेशनच्या रस्त्याला माझं छोटं ऑफिस आहे. लहान दुकानदारांची बिलं, जीएसटी, हिशेब मी बघतो. आधी वह्यांवर बघायचो, मग कॉम्प्युटरवर, आता ऑनलाइन. आणि खरं सांगू? या सॉफ्टवेअरचं मला अजूनही नवल वाटतं. बँकेत पैसे जमा झाले की ते आपोआप बरोबर त्याच गिऱ्हाइकाच्या बिलासमोर जाऊन बसतात. ज्या कामापायी मी तरुणपणी डोळे फोडले, ते चहा निवायच्या आत होतं. कधीकधी मी नुसता बघत बसतो.

टेंभुर्णीच्या शोभाताई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांचं शिवणकाम आहे — चार मशिनी, चार बायका, शाळेचे गणवेश आणि कापडी पिशव्या. शाळा सातवीपर्यंतच, पण मराठी भराभर वाचतात. महिन्यातून एकदा दुकान बंद ठेवून एसटीनं यायच्या आणि "जयभीम भाऊ" म्हणत बिलांची थैली माझ्या टेबलावर ठेवायच्या. मी ती मोठ्या साहेबासारखा पुढे ओढून घ्यायचो. सॉफ्टवेअर त्यांच्याही फोनमध्ये होतं. मीच टाकून दिलेलं — पण इंग्रजीत.

काही वर्षांपूर्वी एका बियाणे कंपनीनं त्यांना पिशव्यांचं मोठं काम देऊ केलं. अट एकच, माल निघेल त्याच दिवशी ऑनलाइन बिल पाहिजे. बाई हरखून आल्या होत्या. "भाऊ, हे मराठीत व्हतं का? मंग मी शिकते बराबर."

आणि मी म्हणालो, नाही होत. हे तुमचं काम नाही, ताई.

होत होतं. सेटिंगमध्ये भाषेचं बटण होतं. त्याच आठवड्यात एका कापडवाल्या शेठला मी ते दाबून दिलं होतं. शेठला नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. शोभाताईंना नाही म्हणायला हिंमत लागलीच नाही. का? माझी फी बुडेल म्हणून? तसं म्हणणं सोपं आहे. खरं हे, की ही बाई माझं काम माझ्याइतकंच सहज करील, हे मला बघवणार नव्हतं. ही बाई. शेठ चालला असता, तो चाललाच.

काम दुसरीकडे गेलं. चौघींतल्या दोघी त्या वर्षी नवऱ्यांबरोबर ऊसतोडीला गेल्या. त्या पुन्हा शिवणावर बसल्या नाहीत. हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि तरीही मी गप्प राहिलो.

मंगळवारी शोभाताई आल्या तेव्हा थैली नव्हती. हातात नुसता फोन. सॉफ्टवेअर आता नवीन झालंय, उघडलं की पहिल्याच पानावर विचारतं, भाषा कोणती. त्यांनी मराठी दाबलं होतं आणि खास मला दाखवायला आल्या होत्या. फोन तोंडाशी धरून त्या म्हणाल्या, "पन्नास पिशव्या, चाळीस रुपयाला एक," — आणि बिल उभं राहिलं. कर लागला, बेरीज झाली, गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सअॅपवर गेलंसुद्धा. माझ्या अंगावर काटा आला. बिलामुळे? हो, बिलामुळेही. पण त्याहून त्यांच्या चेहऱ्यामुळे. स्वतःच्या दुकानाचं नाव मराठीत उमटलेलं त्या बघत होत्या, आणि अक्षरांवरून हळूच बोट फिरवत होत्या. इतकं सुंदर मी फार थोडं पाहिलंय. आणि तेच मी एवढी वर्षं अडवून धरलं होतं.

"आधी हे नव्हतंच ना, भाऊ?" त्यांनी विचारलं.

"न्हाई ताई. आत्ताच आलंय."

"तेच म्हणलं. मला वाटायचं, मीच आणखी कुणाला इचारायला कमी पडले." त्यांनी फोन पदरानं पुसला. "मंग कुणाचाच दोष न्हाई."

मी मान हलवली, आणि त्यांच्यासाठी चहा सांगितला.