आजीचा भाऊ

बायकोचं ऑपरेशन ठरलं आणि रक्त जुळवताना कळलं, तिचा गट बॉम्बे. फार दुर्मीळ. एकुलत्या बहिणीचं जुळलं नाही. डॉक्टर म्हणाले, रक्ताच्या नात्यात शोधा. रक्त मिळेपर्यंत तारीख देता येणार नाही.

मुलीचं कंप्यूटरवर कामच ते: शब्दांचे अर्थ आणि त्यांची आपसांतली नाती यंत्राला नियमानं सांगून ठेवायची. सरावासाठी तिनं आजीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, विचारून विचारून अख्खं गणगोत त्यात भरलं होतं. सासूबाई आता नाहीत.

"प्रश्न लिहायचा नाही बाबा, काढायचा."

तिनं आईचा गोल काढला, त्यातून रक्ताच्या नात्याची रेघ, रेघेच्या टोकाला रिकामा गोल. रिकाम्या गोलातून दुसरी रेघ आमच्या दुर्ग जिल्ह्याला, म्हणजे लगेच येऊ शकतील असेच सापडावेत. उत्तर येईना.

"सगळं गणगोत चाळून राहिला तो. आधी जिल्हा घेऊ, मग नातं."

क्रम बदलताच पाच गोल उजळले. पाचही जिल्ह्यातल्याच अहिवारा गावचे. मी प्रत्येक रेघ बोटानं तपासली. सगळ्या सासूबाईंच्या भावातून जात होत्या. कुठे चूक सापडली नाही. मी लगेच अहिवाऱ्याला फोन केला.

दवाखान्यात बायकोला सांगितलं, तर ती मुलीकडे वळली.

"तो मामा? तो कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनमध्ये आमच्या बाजूच्या क्वार्टरात राहायचा. आई राखी बांधायची त्याले."

"मंग आजीनं मले भाऊ कावून सांगितलं?"

"भावाले भाऊ नाही तर काय म्हणन ती?"

यंत्राच्या नियमात भाऊ म्हणजे त्याच आईबापांचा मुलगा. मुलीनं खाटेजवळच बसून ती एक रेघ पुसली आणि पुन्हा विचारलं. पाचही गोल विझले.

दुपारी त्या मामाची दोन मुलं आली. मी त्यांना फाटकातच खरं सांगितलं. थोरला म्हणाला, "भाऊजी, बाई आमची आतेबहीण आहे. तुमचा कंप्यूटर नाही म्हणते, तर म्हणू द्या त्याले."

दोघांनी तपासायला रक्त दिलं. जुळलं नाही. जुळणार नाही हे मला ठाऊक होतं, तरी निकाल हातात घेताना मी दोनदा वाचला.

ते घरी जायला तयार नव्हते. "दुसरं काही लागन का, भाऊजी?" धाकटा विचारत होता. मी नाही म्हणालो. तारीख अजून मिळालेली नाही.